'टु विट', 'वॉट', 'विस्ट': इंग्रजीतल्या एका जुन्या क्रियापदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे क्रियापद नेमकं कोणतं आणि त्याचा अर्थ काय?

मूळ क्रियापद 'विट'. अर्थ: जाणणे, ठाऊक असणे. आज इंग्रजीत या अर्थाने 'नो' वापरतात. 'विट' स्वतंत्र क्रियापद म्हणून केव्हाच मावळलं, पण त्याची रूपं जुन्या ग्रंथांत जागोजागी भेटतात आणि वाचक अडखळतो. कारण ही रूपं एकमेकांची भावंडं आहेत हे दिसण्यावरून कळत नाही. 'विट' हे मूळ रूप, 'वॉट' हा वर्तमानकाळ, 'विस्ट' हा भूतकाळ आणि भूतकालवाचक धातुसाधित, 'विटिंग' हे वर्तमानकालवाचक धातुसाधित.

म्हणजे 'आय वॉट' = मला ठाऊक आहे. 'आय विस्ट' = मला ठाऊक होतं. 'आय वॉट नॉट' = मला ठाऊक नाही. शब्दकोशात शोधताना 'वॉट' किंवा 'विस्ट'खाली फार काही मिळत नाही. नोंद 'विट'खाली असते, आणि तिथेही 'विट' हे नाम आधी येतं, क्रियापद त्याच्या पुढे.

उच्चाराबद्दल एक सूचना: 'विट'मधली इ ऱ्हस्व आहे. मराठीत असा शब्द आपण सवयीने 'वीट' असा दीर्घ लिहितो आणि म्हणतो. तसं इथे केलं तर बांधकामाची वीट तरी होते, नाहीतर कंटाळ्याचा वीट तरी.

'वॉट' आणि आपला 'वेद' एकच शब्द आहेत, हे खरं का?

खरं आहे. मात्र इथला 'वेद' म्हणजे ग्रंथ नव्हे, क्रियापद. संस्कृतात 'विद्' धातूचं 'वेद' असं रूप होतं आणि त्याचा अर्थ 'जाणतो' किंवा 'जाणते' असा आहे. नासदीय सूक्ताच्या शेवटच्या ऋचेत 'सो अङ्ग वेद यदि वा न वेद' असं येतं. तो जाणतो, किंवा तोही जाणत नाही. गीतेत दुसऱ्या अध्यायातल्या 'वेदाविनाशिनं नित्यम्' या ओळीतला 'वेद'ही क्रियापदच. अनेकजण तिथे ग्रंथ शोधत बसतात आणि अर्थ लागत नाही.

सगळ्यात सोयीचं उदाहरण गीतेच्या चौथ्या अध्यायातल्या पाचव्या श्लोकाचं: 'तान्यहं वेद सर्वाणि न त्वं वेत्थ परन्तप'. ते सगळे जन्म मी जाणतो, तू जाणत नाहीस. 'अहं वेद' आणि 'त्वं वेत्थ' शेजारी शेजारी. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हेच सांगायचं तर 'इच वाट' आणि 'थू वास्ट' असं झालं असतं. एकेक रूप जोडीला जोडी जुळतं.

जुळतं म्हणजे कसं? नुसता आवाज सारखा वाटणं पुरेसं नाही ना?

अजिबात पुरेसं नाही. शब्दांची नाती सारखेपणावर ठरत नाहीत, नियमित फरकावर ठरतात. त्यामुळे अक्षर अक्षर सुटं करून बघू.

पहिलं व्यंजन 'व'. संस्कृत, ग्रीक, इंग्रजी यांच्या समान मूळ भाषेत तो ओठ गोल करून म्हटला जाणारा ध्वनी होता. इंग्रजीने तो तसाच ठेवला.

मधला स्वर. मूळ जोडस्वर 'ओइ' असा मानतात. ग्रीकमध्ये तो जसाच्या तसा राहिला. तिथे 'मी जाणतो' म्हणजे 'ओइदा'. संस्कृतात 'ओ'चा 'अ' झाला, 'अइ' एकत्र येऊन 'ए' झाला, म्हणून 'वेद'. जर्मानिक शाखेतही, म्हणजे इंग्रजी, जर्मन, गॉथिक यांच्या कुळात, 'ओ'चा 'अ' झाला, म्हणून चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलात 'वाइट' दिसतं. जुन्या इंग्रजीत त्या 'आइ'चा दीर्घ 'आ' झाला: 'वाट'. पुढे इंग्रजीतला हा दीर्घ 'आ' सरसकट 'ओ'कडे सरकला. 'स्टान'चं 'स्टोन', 'हाम'चं 'होम', 'बान'चं 'बोन' झालं, त्याच लाटेत 'वाट'चं 'वोट' झालं आणि नंतर आखूड होऊन 'वॉट'.

शेवटचं व्यंजन. संस्कृतात 'द', इंग्रजीत 'ट'. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमाचा हा भाग. पडताळा घ्यायला मराठी माणसाला कोश लागत नाही: दश आणि 'टेन', द्वि आणि 'टू', दंत आणि 'टूथ', पाद आणि 'फूट', अद् म्हणजे खाणे आणि 'ईट'. जिथे आपला 'द', तिथे त्यांचा 'ट'.

मग इंग्रजीने हा शब्द संस्कृतातून उचलला असं म्हणायचं का? तसा मजकूर फिरत असतो.

नाही, आणि वरचा 'द–ट' फरकच त्याचा पुरावा आहे. उसना शब्द येताना आपलं व्यंजन घेऊन येतो. 'पंडित' इंग्रजीत गेला तो 'पंडिट' म्हणून. त्यातला 'ड' 'ड'च राहिला, त्याचा 'ट' झाला नाही. 'वेद' ग्रंथाचं नाव इंग्रजीत गेलं ते 'वेडा' असं. तिथे 'द'चा 'ड' झाला, 'ट' नव्हे. म्हणजे इंग्रजीत आज एकाच मुळाचे दोन शब्द आहेत: 'वेडा' हा अलीकडे भारतातून नेलेला पाहुणा आणि 'वॉट' हा घरातच वाढलेला. पाहुण्याच्या तोंडी 'ड' आहे, घरच्याच्या तोंडी 'ट'.

दोन्ही भाषांची आई एक, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीतल्या भाषणात मांडला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्हींचा उगम एका, कदाचित आता नष्ट झालेल्या भाषेत असावा, असं ते म्हणाले. संस्कृत हीच ती आई, असं ते म्हणाले नव्हते.

'ही वॉट' बरोबर की 'ही वॉट्स'? तृतीय पुरुषी एस का लागत नाही?

या क्रियापदाची सगळी गंमत या प्रश्नात आहे, म्हणून जरा सावकाश.

'वॉट' दिसायला वर्तमानकाळ, पण घडण भूतकाळाची आहे. मूळ धातूचा अर्थ 'पाहणे'. लॅटिनमध्ये तोच अर्थ राहिला: 'विदेओ' म्हणजे मी पाहतो, ज्यावरून आजचा 'व्हिडिओ'. याच धातूचं पूर्णभूताचं रूप म्हणजे 'मी पाहिलेलं आहे'. आणि जे पाहिलेलं आहे ते आता ठाऊक आहे. रूप झाल्या गोष्टीचं, अर्थ चालू स्थितीचा.

हे इंग्रजांना समजावणं कठीण जातं, मराठीत मात्र आपण रोज हेच करतो. 'कळलं का?' 'हो, कळलं.' रूप भूतकाळी, पण सांगायचं असतं ते या क्षणाचं: आता मला समज आहे. 'वॉट' म्हणजे हजारो वर्षांपूर्वी गोठलेलं 'कळलं'.

आता एसचा प्रश्न सुटतो. इंग्रजीत भूतकाळी रूपाला तृतीय पुरुषात एस लागत नाही, म्हणून 'ही वॉट'. याच जातीची भूतवर्तमानी क्रियापदं आजही रोजच्या वापरात आहेत: 'कॅन', 'मे', 'शॅल', 'मस्ट'. 'ही कॅन्स' कुणी म्हणत नाही ते याच कारणाने. शाळेत त्याला 'अपवाद' म्हणून पाठ करायला लावतात. अपवाद कसला, जुना हिशेब आहे.

पुढे 'वॉट' हे भूतकाळी रूप आहे याचा विसर पडला, आणि लोकांनी त्याला साध्या क्रियापदासारखे प्रत्यय लावले. सोळाव्या-सतराव्या शतकात 'वॉट्स', 'वॉटेथ', 'वॉटिंग' अशी रूपं सापडतात. १६११ च्या किंग जेम्स बायबलात उत्पत्तीच्या ३९व्या अध्यायात योसेफ म्हणतो की माझ्या धन्याला घरात काय आहे ते ठाऊक नसतं, तिथे 'वॉटेथ नॉट' आहे. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मध्ये 'वॉटिंग' आहे. ही रूपं व्याकरणदृष्ट्या नंतरची, पण छापील आणि प्रतिष्ठित. वाचताना चूक समजू नका. स्वतः जुन्या ढंगात लिहायचं असेल तर साधं 'वॉट' ठेवा.

एकवचनात 'वॉट' आणि मूळ रूपात 'विट', असा स्वर का बदलतो?

तोही वारसाच. मूळ भाषेत या काळात एकवचनी स्वर भरदार आणि अनेकवचनी आखूड असे. संस्कृतात हे अजून स्वच्छ दिसतं: अहं वेद, त्वं वेत्थ, स वेद, पण वयं विद्म, यूयं विद, ते विदुः. जुन्या इंग्रजीत: वाट, वास्ट, वाट, आणि अनेकवचनी विटॉन. 'ए–इ' तिथे 'आ–इ' झालं, इतकंच. संस्कृत शिकलेल्यांना ही गुणाची भानगड ओळखीची वाटेल. पाणिनीनेही या धातूचा वेगळेपणा हेरला होता. 'विदो लटो वा' (३.४.८३) हे सूत्र सांगतं की विद् धातूला वर्तमानात परोक्षभूताचे प्रत्यय विकल्पाने लागतात. म्हणून 'वेत्ति'ही चालतं आणि 'वेद'ही.

जर्मन शिकणाऱ्यांना याचा थेट उपयोग आहे. 'विसन' म्हणजे माहीत असणे हे तेच क्रियापद. इख वाइस, डू वाइस्ट, एर वाइस, वीर विसन. इतर क्रियापदांना 'एर'बरोबर ट लागतो म्हणून नवशिके 'एर वाइस्ट' म्हणून जातात. लागत नाही; कारण वर सांगितलं तेच.

'विस्ट' मधला 'स' कुठून आला?

धातूच्या शेवटी दंत्य व्यंजन, भूतकाळाचा प्रत्ययही दंत्य. दोन दंत्य व्यंजनं अंगावर आली की जर्मानिक भाषांत त्यांचं 'स्स' होतं. म्हणून जुन्या इंग्रजीत 'विस्से' असं रूप होतं. पण त्यात भूतकाळाची खूण ऐकू येईना, म्हणून 'ट' पुन्हा जोडला: 'विस्टे', पुढे 'विस्ट'. दोन्ही रूपं जुन्या हस्तलिखितांत सापडतात.

कायदेशीर कागदात 'टु विट' येतं. त्याचा या क्रियापदाशी संबंध आहे का?

तेच आहे. पूर्ण वाक्प्रयोग 'दॅट इज टु विट' असा होता: 'म्हणजे हे जाणावे की'. इंग्लंडच्या न्यायालयांत नॉर्मन फ्रेंचचा अंमल होता तेव्हा 'सेत आसाव्वार' असं लिहीत, म्हणजे 'जाणायचे ते हे'. आजच्या फ्रेंचमध्ये 'आ साव्वार' याच अर्थाने चालतं. लॅटिनमध्ये 'स्किलिकेट', म्हणजे 'जाणता येईल', आणि 'विदेलिकेट', म्हणजे 'पाहता येईल'. दुसऱ्याचा संक्षेप आपल्याकडेही सर्रास दिसतो: 'व्हिझ'. गंमत अशी की 'विदेलिकेट'मधला 'विद' आणि 'विट' यांचं मूळ एकच.

काम काय करतं? आधी मोघम उल्लेख, मग 'टु विट', मग नेमका तपशील. 'प्रतिवादीने तीन वस्तू नेल्या, टु विट, एक बैलगाडी, दोन बैल.' मराठीत 'म्हणजे', 'म्हणजेच' किंवा 'पुढीलप्रमाणे'. 'उदाहरणार्थ' करू नका, हा फार महाग पडू शकणारा दोष आहे: 'उदाहरणार्थ' म्हटलं की यादी अपुरी राहते, 'टु विट' म्हटलं की यादी पुरी असते. दस्ताच्या भाषांतरात या एका शब्दाने मालमत्तेची व्याप्ती बदलते. 'अर्थात'ही जपून वापरा, कारण मराठीत त्याचा 'साहजिकच' असा दुसरा अर्थ घट्ट बसलेला आहे.

बायबलात 'टु विट' आलं की 'म्हणजे' असाच अर्थ घ्यायचा का?

नाही. किंग जेम्स बायबलात तीन वेगळे उपयोग आहेत आणि ते वेगळे काढावे लागतात.

निर्गमच्या दुसऱ्या अध्यायात बाळ मोशेची पेटी लव्हाळ्यात ठेवली जाते आणि बहीण दूर उभी राहते, 'टु विट' त्याचं काय होतं. इथे शब्दशः 'कळावे म्हणून'. उत्पत्ती २४:२१ मध्येही तसंच. दोन्हीकडे 'टु विट'नंतर 'व्हॉट' किंवा 'व्हेदर' आलं आहे. ही खूण लक्षात ठेवा.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात १९वं वचन 'टु विट, दॅट' असं सुरू होतं. स्वल्पविराम आणि पुढे 'दॅट'. इथे 'म्हणजे असे की'.

त्याच पत्राचा आठवा अध्याय 'वी डू यू टु विट' असा प्रयोग करतो. 'डू' इथे प्रयोजक आहे, करवणारा: आम्ही तुम्हाला जाणवतो, म्हणजे कळवतो. मराठीत कळणे–कळवणे ही जोडी तयार असल्याने अडचण येत नाही. खरं तर याच धातूचा प्रयोजकही आपल्याकडे आहे: निवेदन. विद्, वेदयति, निवेदन, म्हणजे कळवणं. 'वी डू यू टु विट' म्हणजे अक्षरशः 'आम्ही निवेदन करतो'.

'विस्ट'ची स्थळं सोपी आहेत. मान्ना, म्हणजे रानात देवाने पाठवलेलं अन्न, पहिल्यांदा पाहिल्यावर लोकांना ते काय आहे हे 'विस्ट नॉट' (निर्गम १६:१५). मोशेला आपला चेहरा झळकतो आहे हे 'विस्ट नॉट' (निर्गम ३४:२९). मंदिरात सापडलेला बारा वर्षांचा येशू आईवडिलांना विचारतो 'विस्ट यी नॉट', तुम्हाला ठाऊक नव्हतं का (लूक २:४९). १९८२ च्या न्यू किंग जेम्स आवृत्तीत इथे साधं 'डिड यू नॉट नो' केलं आहे.

'आय नूट' असं चौदाव्या शतकातला इंग्रजी कवी चॉसर याच्यात दिसतं. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. 'ने' हा नकार आणि 'वूट' (चॉसरच्या काळचं 'वॉट') हे क्रियापद जोडून 'नूट': मला ठाऊक नाही. भूतकाळात 'ने' आणि 'विस्टे' मिळून 'निस्टे'. 'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेत व्यापाऱ्याचं वर्णन करून झाल्यावर चॉसर सांगतो की खरं म्हणाल तर त्याचं नाव मला ठाऊक नाही. तिथे हेच रूप आहे.

मराठी वाचकाला याचं नवल वाटू नये. आपल्याकडे 'न' आणि 'जाणणे' मिळून 'नेणणे' झालंच आहे. 'जाणता–नेणता'मधला नेणता म्हणजे चॉसरच्या 'नूट'चा सख्खा समांतर. त्याहून जुन्या इंग्रजीत 'नाटह्वील्च' असं सर्वनाम होतं: 'कोणता ते ठाऊक नाही असा', म्हणजे कोणीतरी. आपलं 'कोण जाणे' थोड्याफार याच वाटेने अव्ययासारखं झालं.

'गॉड वॉट'चं भाषांतर काय करावं?

'देव जाणे'. याहून नेमकं काही नाही. मध्ययुगीन इंग्रजीत ते खरोखर शपथेसारखं होतं, 'देव साक्षी आहे' या वजनाचं. पुढे कवितेत यमक आणि मात्रा भरायला वापरलं जाऊ लागलं. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये 'लॉट'शी यमक जुळवून आलं आहे. एकोणिसाव्या शतकात टी. ई. ब्राउन यांनी बागेवरच्या कवितेत ते वापरलं, आणि त्यावरून विसाव्या शतकात 'गॉडवॉटरी' असा टवाळीचा शब्द निघाला: ओढूनताणून जुनाट केलेली भाषा. बोचरा आहे, पण लेखकांनी टेबलावर लिहून ठेवावा असा.

जुन्या ढंगाचा उतारा मराठीत आणताना 'वॉट' आणि 'विस्ट'साठी काय वापरावं?

आधी ठरवा की मूळ लेखकाच्या काळी तो शब्द जुनाट होता की नेहमीचा. चॉसरसाठी 'वूट' हा रोजचा शब्द होता. तिथे साधं 'ठाऊक आहे' हेच प्रामाणिक भाषांतर. एकोणिसाव्या शतकातला कवी तोच शब्द मुद्दाम जुना म्हणून वापरतो, तिथे 'ठावें', 'नेणे', 'न कळे' यांना जागा आहे. किंग जेम्स बायबलची स्थिती मधली: १६११ मध्ये ही रूपं अजून समजत होती, पण मागे पडत चालली होती.

दुसरं, 'मी जाणतो' हे सगळीकडे बसत नाही. मराठीत त्याला थोडा अधिकाराचा, जाणतेपणाचा रंग आहे. 'मला ठाऊक आहे' जास्त सपाट, आणि 'वॉट' बहुतेक ठिकाणी सपाटच असतो.

'हॅड आय विस्ट' हा स्वतंत्र वाक्प्रयोग म्हणून ओळखा. 'आधी कळलं असतं तर' असा तो उशिराचा पश्चात्ताप; जुन्या इंग्रजी म्हणींत 'हॅड-आय-विस्ट'पासून सावध राहा असा इशारा असे. मजकूर हलका असेल तर 'बैल गेला आणि झोपा केला' इथे चपखल बसतं.

'आय विस' हे वर्तमानकाळी रूप आहे ना?

नाही, आणि ही या विषयातली सर्वात प्रसिद्ध फसगत. मध्ययुगीन इंग्रजीत 'इविस' हे क्रियाविशेषण होतं, 'नक्की' या अर्थी. जर्मन 'गेविस'चा भाऊ. लेखनिक आणि छापखानेवाले ते 'इ विस' असं तोडून लिहीत. पहिलं अक्षर एकटं आणि मोठं झालं की इंग्रजीत ते 'मी' असं वाचलं जातं. मग 'विस्ट' हा भूतकाळ आहे तर 'विस' हा वर्तमानकाळ असणार, असा तर्क झाला आणि 'मी जाणतो' या अर्थाचं एक क्रियापद हवेतून उभं राहिलं. मेकॉलेसारख्यांनीही ते कवितेत वापरलं. त्यामुळे सतराव्या शतकाआधीच्या मजकुरात 'नक्की' असं वाचा. एकोणिसाव्या शतकातल्या कवितेत लेखकाला 'मी जाणतो' असंच म्हणायचं असू शकतं, हेही गृहीत धरा.

आणखी कुठे फसगत होते?

'वॉट' दिसलं की लगेच हे क्रियापद समजू नका. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये भिंतीवरून डोकावणाऱ्या 'मिस्टर चॅड'च्या चित्राखाली 'वॉट, नो शुगर?' असं लिहीत. तो 'व्हॉट'च, मुद्दाम अडाण्यासारखा लिहिलेला.

'नॉट अ व्हिट'मधला 'व्हिट' वेगळा आहे. त्याचा अर्थ 'कणभर' आणि लेखनात एच आहे. घुबडाच्या 'टु-व्हिट' घूत्काराचाही इथे संबंध नाही. 'विस्टफुल' हा 'विस्ट'चा वंशज वाटतो, पण नाही. 'ट्विट', म्हणजे टोचून बोलणे, हे जुन्या 'एटवीटान' या दोष देण्याच्या क्रियापदावरून आलं, पहिला स्वर गळून. ट्विटर मात्र निव्वळ पाखरांचा आवाज.

इतिहासाच्या पुस्तकातली 'विटान' ही अँग्लो-सॅक्सन राजाची सल्लागार मंडळी. 'विटा' म्हणजे जाणता, त्याचं अनेकवचन 'विटान', आणि 'जाणणे' हे मूळ क्रियापदही 'विटान'. लेखन एक, शब्द दोन. 'विटेनागेमोट' म्हणजे जाणत्यांची सभा.

मराठीच्या बाजूनेही सापळे आहेत. विद्या, विद्वान, विदित, वेदना, संवेदना, इतिहासवेत्ता हे सगळे या 'विद्'चे, विद्येवरून वैद्यही. पण 'विद्युत' ही वि अधिक द्युत्, चमकणारी. 'विद्ध' आणि 'वेध' हे व्यध् धातूचे, भोसकण्याचे. 'विदूषक' दूष्चा. 'वित्त' हे धातुपाठात वेगळ्या नोंदलेल्या 'विद्'चं, ज्याचा अर्थ मिळवणे.

इंग्रजीत या क्रियापदाचे कोणते नातेवाईक उरले आहेत?

घरचे: 'वाइज', 'विझ्डम', 'विझर्ड', 'विटी', 'विटनेस', 'अनविटिंग', 'आउटविट'. 'विटनेस'चा पहिला अर्थ 'ज्ञान' होता, मग ज्याला ठाऊक आहे तो माणूस. आपला 'साक्षी' डोळ्यांवरून, म्हणजे अक्षीवरून आला, इंग्रजांचा जाणण्यावरून. मुळात पाहणं आणि जाणणं एकाच धातूत असल्याने फार फरक पडत नाही. बाहेरून परत आलेले: लॅटिनमार्गे 'व्हिजन', 'एव्हिडन्स', 'प्रोव्हाइड', ग्रीकमार्गे 'आयडिया' आणि 'हिस्टरी', जर्मानिक शब्द फ्रेंचमध्ये जाऊन परतला तो 'गाइड'.

इतकं जुनं क्रियापद मेलं कसं?

'नो'ने गिळलं. 'नो'चा मूळ अर्थ ओळखणे, आणि तो संस्कृत 'ज्ञा'चा, म्हणजे आपल्या 'जाणणे'चा भाऊ. जुन्या इंग्रजीत दोन कामं दोन शब्दांत वाटलेली होती: गोष्ट माहीत असणे म्हणजे 'विटान', माणूस किंवा वस्तू ओळखणे म्हणजे 'क्नावान'. जर्मनमध्ये 'विसन' आणि 'केनन' असा भेद आजही पाळतात. मराठीतही 'मला त्याचा पत्ता माहीत आहे' आणि 'मी त्याला ओळखतो' यांची अदलाबदल होत नाही. इंग्रजीत 'नो' दोन्हीकडे पसरला. 'विट'ची रूपं इतकी वाकडीतिकडी की ती टिकवायला सतत वापर लागतो. वापर घटला तसे लोक चुकू लागले, 'वॉट्स' म्हणू लागले, आणि अठराव्या शतकापर्यंत ते कविता, कोर्ट आणि बायबल यांच्यापुरतं उरलं.

आपल्याकडेही वेगळं झालं नाही. मराठीच्या रोजच्या क्रियापदांत 'विद्' कुठेही नाही. आहे तो 'ज्ञा'चा 'जाणणे'. 'विद्' उरला तो नामांत आणि विशेषणांत. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या ओवीत 'वेदप्रतिपाद्या' आणि 'स्वसंवेद्या' असा तो लागोपाठ दोनदा भेटतो, दोन्हीदा संस्कृत पेहरावात.